जुई जागेवर नाही!

आमच्या घरात वस्तू टिकत नाहीत, किस्से टिकतात. छत्र्या गेल्या, डबे गेले, पाण्याच्या बाटल्या तर किती गेल्या ते विचारूच नका. पण गेलेल्या प्रत्येक वस्तूच्या बदल्यात एकेक किस्सा घरात येऊन बसला, आणि बसला तो बसलाच!

आता आमची लेक जुई मोठी झाली. नाशिकला एका शाळेत खेळाची टीचर आहे. म्हणजे तिला पगारच न बसण्याचा मिळतो! अमरावतीच्या या घरात आता आम्ही तिघंच. मी, माझा नवरा सुधीर आणि माझे सासरे, आबा. कंगवा आरशाजवळच असतो, चपला जोडीनं असतात. सगळं इतकं जागच्या जागी असलं की करमत नाही हो. मग रविवारी संध्याकाळी गॅलरीत चहा घेता घेता आबा म्हणतात, "सूनबाई, थे आठोते काय?" की झालं सुरू!

एक आधीच सांगते. जुईला एडीएचडी आहे. म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही, अंग एका जागी ठरत नाही, आणि मनात काही आलं की हात आधी पोचतो, विचार मागून धापा टाकत येतो. हे आम्हाला कळलं ती आठ वर्षांची झाल्यावर. त्याआधी आम्हाला एवढंच कळत होतं, की आम्ही भयंकर दमलो आहोत.

* * *

पहिलीतली गोष्ट. टीचरनी जुईला शेवटच्या बाकावरून उचलून अगदी स्वतःच्या टेबलासमोर बसवलं. "मॅडम, आता माझ्या नजरेसमोर राहील. बघा कशी सुधारते!"

आठवड्याभरात मला शाळेतून बोलावणं. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांना 'लक्ष द्या, लक्ष द्या' म्हणायचं आणि संध्याकाळी स्वतःच्या पोरीसाठी दुसऱ्या टीचरसमोर मान खाली घालून बसायचं, असं माझं तेव्हाचं टाइमटेबल होतं.

टीचर म्हणाल्या, "मॅडम, हिला मी परत मागे बसवते."

"का हो? काय केलं तिनं?"

"काल मी शिकवताना ही माझ्याकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, आली गाडी रुळावर! मी कौतुकानं विचारलं, जुई, सांग बरं मी आता काय सांगितलं? तर सगळ्या वर्गासमोर म्हणते, 'टीचर, तुमचं एक कानातलं उलटं हाय!'"

मी कसंबसं गंभीर तोंड करून विचारलं, "मग? होतं का?"

टीचरनी खिडकीबाहेर पाहिलं.

"होतं," म्हणाल्या.

* * *

सुधीरचं मूळ गाव तेल्हारा. तिथं त्याच्या चुलतबहिणीचं लग्न होतं. तुळशीचं लग्न आटोपलं होतं आणि वेचणीचे दिवस, त्यामुळे काकूंच्या घरात एक अख्खी खोली छतापर्यंत कापसानं भरलेली.

लीलाकाकू म्हणजे नवरीची आई. बाई मोठी करारी. जुईनं सकाळपासून मांडवाचे दोन पडदे सोडवले होते, हळदीच्या ताटात पाय दिला होता आणि भटजींना "तुम्ही मधेच श्वास कधी घेता?" असं विचारलं होतं. काकूंनी मला चारचौघींत सुनावलं, "सूनबाई, लाडावून ठेवली तुमी. दोन धपाटे घाला, सुतासारखी सरळ होते का नाई पाहा!"

मी जुईच्या पायाची हळद पुसत राहिले.  

आणि ऐन वरात निघायच्या वेळेस जुई दिसेना! मांडवात नाही, गल्लीत नाही, बँडवाल्यांच्या टेम्पोत नाही. घरामागे विहीर होती. सुधीर तिकडे धावला, त्याच्या मागे मी. विहिरीला कठडा होता, पण जुईसाठी कठडा म्हणजे चढायची वस्तू! नवरीसुद्धा उभी राहून हाका मारायला लागली.

शेवटी सापडली ती कापसाच्या खोलीत. उड्या मारून मारून तिथंच मऊ खड्ड्यात कलंडली होती. गाढ झोपलेली. केसात कापूस, पापण्यांवर कापूस. जी पोरगी दुपारची कधी डोळा मिटत नव्हती, ती भर लग्नघरात घोरत होती!

मी तिला उचलायला वाकले, तेवढ्यात दारात बँड दणाणला. आणि माझ्या मागून काकूंचा आवाज त्या बँडच्या वर गेला.

"ए, बंद करा रे थे! लेकरू झोपलं!"

"अवं काकू, वरातीचा टाइम झाला ना..."

"वरात मागून काढता येते, उठलेलं लेकरू पुन्हा झोपवता येत नाई. या पोरीच्या मायचं तोंड पाह्यलं काय? कधीची झोपली नाई थे बाई. बसू दे तिले जराशी!"

नवरदेव घोड्यावर ताटकळत, बँडवाले बिड्या फुंकत, आणि मी कापसाच्या ढिगाला टेकून चहा पीत. असं ते लग्न लागलं!

* * *

तिसरीत असताना शाळेनं नम्रपणे सांगितलं, "तुम्ही दुसरी शाळा बघितली तर मुलीच्याच हिताचं होईल." मी बाहेर येऊन स्कूटीवर बसले आणि चावी फिरवायचं विसरून कितीतरी वेळ नुसतीच बसून राहिले.

मग एका मैत्रिणीनं मुलांच्या मानसोपचार डॉक्टरांचं नाव सुचवलं. मी, सुधीर, जुई आणि तेव्हा अकोल्याला राहणारे, खास आलेले आबा, अशी आमची वरात त्यांच्या केबिनमध्ये गेली. डॉक्टर शांत माणूस. जुईला त्यांनी ठोकळे दिले आणि आम्हाला समजावून सांगायला लागले. वळण लावण्यात आमची चूक नाही, पोरगी मुद्दाम करत नाही, तिचा मेंदूच जरा वेगळ्या चालीचा आहे. मी पदर डोळ्याला लावून ऐकत होते. इतक्या वर्षांत 'चूक नाही' हे शब्द पहिल्यांदाच कानावर पडत होते!

डॉक्टर म्हणाले, "हे पुष्कळदा घराण्यात असतं. घरात आणखी कोणी आहे का, लहानपणापासून विसरभोळं, सतत काहीतरी हातात घेऊन खटपट करणारं?"

मी म्हटलं, "नाही हो. आमच्याकडे सगळे अगदी नॉर्मल..."

टण्ण!

एक बारीक स्प्रिंग उडाली आणि डॉक्टरांच्या चष्म्यावर आपटली. आम्ही सगळ्यांनी जुईकडे पाहिलं. ती बिचारी ठोकळे रचत होती. मग आम्ही सुधीरकडे पाहिलं. त्यानं टेबलावरचा डॉक्टरांचा पेन घेऊन त्याचे सगळे भाग ओळीनं मांडून ठेवले होते.

 आबा घसा खाकरून म्हणाले, "डाक्टरसाहेब, याले आमी मूर्तिजापूरच्या यात्रेत दोनदा हरवला. म्हंजे आमी नाई हरवला, यानंच आमाले हरवलं!"

डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि नवा कागद पुढे ओढला. "बरं," म्हणाले, "आधी कोणाचं लिहू?"

* * *

गोळी सुरू करायची की नाही, यावर घरात फार वाद झाला. आबांचा तर साफ विरोध. फोनवर म्हणायचे, "एवढ्याशा लेकराले गोया कायले? मोठी झाली का होते चांगली." मलाही धाकधूक होतीच. माझी पोरगी माझी राहील ना? हसेल ना तशीच? डॉक्टरांनी आमच्या सगळ्या शंका न कंटाळता ऐकल्या, आणि आम्ही हो म्हटलं.

पहिल्या दिवशी कॉलेजात माझं चित्त नव्हतं. पोरांना प्रकाशाचं परावर्तन शिकवायचं होतं, अपवर्तन शिकवून मोकळी झाले. घरी येऊन दारातच उभी राहिले.

जुई आली. दप्तर नेहमीसारखं भिरकावलं. बूट एक इकडे, एक तिकडे. म्हणाली, "आई, आज शाळेतला पंखा दुरुस्त केला वाटते."

"का गं?"

"आज त्याचा आवाजच नाही आला मले. मॅडमचाच आला."

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून त्याच्या आवाजात पोटभर रडून घेतलं. इतकी वर्षं त्या पोरीला पंखा, बाकाची करकर, बाहेरचा भंगारवाला आणि टीचर हे सगळे सारख्याच आवाजात ऐकू येत होते, आणि आम्ही म्हणत होतो, ऐकत नाही!

आबांना फोनवर सांगितलं.  त्यांनी हळूच विचारलं, "आता काय करून राह्यली थे?"

मी आत डोकावले. गोळीचा असर उतरला होता. "दाराच्या पडद्याले लटकली आहे, आबा."

"मंग ठीक हाय!" आबा खूश होऊन म्हणाले. "देत जा गोयी."

* * *

आबांची ओळख नीट करून द्यायची राहिलीच. अकोल्याच्या एसटी स्टँडवर त्यांची वाहतूक नियंत्रक म्हणून नोकरी झाली. माइकवर गाड्या पुकारायचे. रिटायर झाले, पण आवाज रिटायर झाला नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही अकोल्याला त्यांच्याकडे जायचो. अकोल्याचा मे महिना म्हणजे कूलरसमोरून उठायची सोय नाही. अशात रोज सकाळी माझा आरडाओरडा सुरू व्हायचा. "जुई, दात घास, अंघोळ कर, वेणी घाल, दूध पी!" आणि जुई ब्रश तोंडात धरून मुंग्यांची रांग बघत बसलेली.

एक दिवस आबा म्हणाले, "सूनबाई, तू चार गाड्या एकदम पुकारून राहिली. असं केलं त प्रवासी कोणत्याच गाडीत नाई बसत. एकावेळी एकच गाडी सोडा लागते."

आणि त्यांनी हाताची मूठ तोंडासमोर धरली. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे! मोरीकडे जाणारी जलद गाडी फलाट क्रमांक एकवर लागलेली आहे. प्रवाशांनी टॉवेल घेऊन ताबडतोब आपली जागा घ्यावी!"

जुई खिदळत उठली आणि टॉवेल घेऊन पळाली! अंघोळ झाल्यावर वेणीची गाडी. वेणी झाल्यावर दुधाची. सुट्टी संपून अमरावतीला परतलो, तरी शाळेच्या दिवशी सकाळी आबांचा फोन यायचा. मी स्पीकरवर टाकायचे आणि अकोल्याहून अमरावतीच्या गाड्या सुटायच्या. शेजारच्या काकू एकदा काळजीनं विचारायला आल्या, "एसटी स्टँड आपल्या गल्लीत येणार आहे का?"

एका पावसाळी सकाळी मात्र आबांनी अंघोळीची गाडी दोनदा पुकारली, तरी प्रवासी पांघरुणातून निघेना. आबांनी तिसऱ्यांदा आवाज लावला. तेव्हा पांघरुणातून अगदी तसाच खर्जातला आवाज आला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे! थंडीमुळे अंघोळीची गाडी रद्द करण्यात आली आहे. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत!"

फोनवर क्षणभर खरखर. मग आबा म्हणाले, "सूनबाई, हे खरं हाय. असं होते कधी कधी."

* * *

नव्या शाळेत जुईला तायडे मॅडम भेटल्या, हे आमचं नशीब. मध्यम वयाच्या, ठेंगण्या, आवाज खणखणीत. मी पहिल्या दिवशी सगळी माहिती द्यायला गेले. एडीएचडी म्हणजे काय, डॉक्टर काय म्हणाले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "उभी राहून लिहिते का?"

"लिहिते की. घरी ओट्याशी उभी राहूनच अभ्यास करते."

"मग बसवायचा हट्ट कशाला? उभं राहून शिकल्यानं काय अक्षर पडते खाली?"

त्यांनी वर्गाच्या मागच्या भिंतीशी एक उंच टेबल लावून घेतलं. तिथं जुई उभी राहून, एका पायावर डुलत, लिहायची. अधूनमधून मॅडम तिला फळा पुसायला, खडू आणायला पिटाळायच्या. पोरगी अभ्यासात दिसायला लागली. अडचण एकच झाली. बाकीची पोरं म्हणायला लागली, "मॅडम, आम्हाले पण उभं करा!"

एकदा शाळा तपासायला साहेब आले. मागे एकटी उभी असलेली पोरगी पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या.

"मॅडम, मुलांना असं उभं करायला बंदी आहे, माहीत नाही का? बाळ, काय चूक केली तू? किती वेळची उभी आहेस?"

जुई म्हणाली, "एप्रिलपर्यंत हाय सर!"

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मॅडम काही सांगायच्या आत तिनंच पुढे खुलासा केला, "शिक्षा नाही सर, हे माझं रिझर्व्हेशन हाय. तुमाले उभं राहाचं असलं त आधी मॅडमले विचारा लागते!"

* * *

हा किस्सा एवढासाच आहे. सातवीत तिला ट्यूशन लावली होती. सुधीर तिला गाडीवर सोडायला निघाला. जरा वेळानं गाडी दारात आली. मी दार उघडलं तर सुधीर आणि मागे जुई, दोघंही मोठमोठ्यानं बोलत आत आले.

"लवकर सुटली ट्यूशन?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मग एकमेकांकडे.

राजकमल चौकाला फेरा मारून ते दोघं तसेच परत आले होते! सरड्याला स्वतःचा रंग बदललेला कळतो की नाही, यावर चर्चा रंगली होती म्हणे.

मी कपाळावर हात मारला. सुधीर म्हणाला, "मी विसरलो, ठीक आहे. पण तू तरी सांगायचं ना जुई!"

जुई म्हणाली, "मले वाटलं, तुम्ही नेऊन राहिले म्हणजे कुठंतरी नेऊनच राहिले असाल!"

* * *

दहावीच्या निकालाच्या दिवशी तर मी सकाळपासून जेवले नव्हते. या पोरीची एकेक परीक्षा म्हणजे आमच्या घरात लढाई असायची. आबा अकोल्याहून आले होते. कॉम्प्युटरसमोर आम्ही तिघं दाटीवाटीनं. साइट उघडेना. उघडली तर नंबर घेईना. शेवटी एकदाचा निकाल आला. पास! आणि चांगल्या मार्कांनी पास! आबांनी डोळे पुसले. सुधीर ओरडला, "जुई! अगं जुई!"

जुई खाली कुत्रीच्या पिलांना अंघोळ घालत होती. चिखलानं माखलेली वर आली. आम्ही तिघंही एकदम, "आला, आला, रिझल्ट आला!"

तिनं आमच्या तिघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि उत्सुकतेनं विचारलं, "कोणाचा?"

* * *

आता हा शेवटचा. हा आबा सांगतात, कारण मला तो अर्धाच माहीत आहे. अर्धा वेळ मी झोपेत होते.

जुई नऊ-दहा वर्षांची असेल. मला डेंग्यू झाला. ताप असा चढला की दवाखान्यात भरती करावं लागलं. सुधीर नेमका कामानिमित्त नागपूरला. त्याला कळवलं, तो निघाला. आबा अकोल्याहून निघाले. पण ते दोघं पोचेपर्यंत माझ्याजवळ कोणी नव्हतं. शेजारच्या काकूंनी जुईला शाळेतून परस्पर दवाखान्यात आणून सोडलं आणि त्या घरून जेवण आणायला गेल्या.

माझ्या हाताला सलाइन. शीर सापडत नव्हती, दोन्ही हात टोचून टोचून काळेनिळे झाले होते. नर्स कंटाळून जुईला म्हणाली, "बाळा, आई झोपेत हात हालवते. सुई निघाली तर मले पुन्हा टोचा लागंल. हा हात हालू देऊ नको बरं!"

त्या बिचारीला काय माहीत, आपण हे कोणाला सांगतो आहोत! मी 'हिला नका सांगू' म्हणणार होते, पण जीभ उचलली नाही. डोळे मिटले.

पुढचं आबांचं. दुपार कलली तेव्हा आबा पोचले. दारातून पाहिलं, तर जुई पलंगाशेजारी स्टुलावर बसलेली. माझा हात तिनं दोन्ही हातांनी धरलेला. शाळेचं दप्तर पाठीवर तसंच. एक माशी तिच्या गालावर बसली, तर तिनं ओठ वाकडे करून फुंकर मारली, हात नाही उचलला. आबा आत गेले नाहीत. तिथंच चौकटीला टेकून राहिले. मागून सुधीर आला. आबांनी ओठांवर बोट ठेवलं. दोघं बापलेक दारात उभे.

तेवढ्यात नर्स बाटली बदलायला आली. आबांना बघून म्हणाली, "तुमची नात काय? बाबाजी, भल्ली शांत पोरगी हाय हो! मी किती चकरा मारल्या, जागची हालली नाई. पानी पे म्हटलं त पानी नाई पेली. असं शांत लेकरू म्या पाह्यलंच नाई."



त्या बोलण्यानं मला जाग आली. डोळे उघडले, तर समोर जुईचा चेहरा. घामानं भिजलेला. कपाळावरची बट डोळ्यात गेलेली. ती माझ्याकडे बघत होती. मी पापणी हलवली, तशी ती वाकली आणि हळूच, अगदी हळूच म्हणाली,

"आई, उठली? मग आता मी हलू काय?"